मोठ्या लाकडाची शिकवणी

कवळीताईंना सगळी गल्ली कवळीताई म्हणायची आणि त्यात आपला अपमान होतो असं त्यांना कधी वाटलं नाही. गल्लीच्या टोकाला त्यांची एका खोलीची कार्यशाळा होती. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे तिथे पाठवायचे आणि ताई त्यावरून कवळ्या करून द्यायच्या. अर्ध्या गावाचं हसू त्यांच्या टेबलावरून गेलेलं होतं. रस्त्यात समोरून कुणी हसलं की ताई आधी दात ओळखायच्या, मग माणूस.

पन्नाशी उलटली की माणसं साधारणपणे गुडघ्यांत, देवात किंवा सुनेत लक्ष घालतात. ताईंनी तुळयांत लक्ष घातलं.

झालं असं, की जुन्या मंडईचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं. ताई डॉक्टरांकडे एक कवळी पोचवून परत येत होत्या. कामगारांनी वरची एक तुळई खाली उतरवून रस्त्याकडेला टेकवली होती. तिच्या टोकाला चौकोनी दात कोरलेला, शेजारच्या खांबात तो बसायची खाच, आणि दोन्हींतून आरपार जाणारी लाकडाची खुंटी. एक खिळा नाही, एक पट्टी नाही. आजे-पणजे भाजी घेत होते तेव्हापासून ते छप्पर लोकांच्या डोक्यावर नुसतं दातखीळ बसल्यासारखं उभं होतं. ताईंनी त्या दाताला हात लावून पाहिला. मुकादम म्हणाला, बाई, बाजूला व्हा, डोक्यात काही पडेल. ताई बाजूला झाल्या. पण डोक्यात जे पडायचं ते पडलं होतं.

घरी ही बातमी जेवताना फुटली. घरात माणसं तीन. ताईंचे यजमान विमा कंपनीत नुकसान तपासायचं काम करत. लोकांचं काय मोडलं, कसं मोडलं आणि ते मुळात मोडकंच होतं का, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिसऱ्या त्यांच्या थोरल्या बहीणबाई, म्हणजे ताईंच्या वन्सं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर चार दिवस विश्रांतीला म्हणून आल्या होत्या. डोळा केव्हाच बरा झाला. विश्रांती अजून चालू होती.

मागच्या दाराबाहेर एक फरसबंद अंगण होतं. तिथे सायकली गंजत आणि धुतलेले कपडे पुन्हा मळत. त्यावर काहीतरी छप्पर करायला हवं, असं घरात सगळ्यांचं एकमत होतं, आणि एकमत असल्यामुळे कुणी काही करत नव्हतं. ते छप्पर मी करणार, असं ताईंनी जाहीर केलं. जाड लाकडाचं, खिळा न मारता, मंडईसारखं. आधी रीतसर शिकणार आणि मग करणार.

"आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात मावतील अशा वस्तू केल्या," त्या म्हणाल्या. "आता मी जिच्याखाली उभी राहीन अशी एक करायची आहे."

यजमानांनी घास गिळला आणि सांगितलं की लाकूड पडतं, जळतं आणि किडतं, या तिन्ही प्रकारांचे दावे आपण स्वतः तपासलेले आहेत. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, एवढं लाकूड आणणारच आहात तर थोडं माझ्या वाटणीचंही ठेवा. मला लागेलच आता लवकर." वन्सं हे वाक्य गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत होत्या आणि तब्येतीने ठणठणीत होत्या.

शिकायचं ठरवणं सोपं. शिकवणारा सापडायला हवा. ताई आधी ओळखीच्या फर्निचरवाल्याकडे गेल्या. तो प्रांजळ माणूस निघाला. म्हणाला, आता आम्ही लाकूड कापत नाही ताई, कारखान्यातून पाट्या येतात, त्यांना आम्ही स्क्रू मारतो. पटाशी आहे आमच्याकडे, पण रंगाचे डबे उघडायला.

मग कुणीतरी त्यांना 'लाकूड आणि मी' नावाच्या केंद्राचा पत्ता दिला. प्रत्यक्ष हाताने काम, असं त्यांच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. केंद्र चालवणारा दाढीवाला गृहस्थ पूर्वी साबणाच्या जाहिराती करायचा. साबणातून त्याला वैराग्य आलं आणि तो लाकडाकडे वळला. सकाळी त्याने प्रत्येकाच्या हातात एकेक ठोकळा दिला आणि डोळे मिटून त्याला विचारायला सांगितलं, की बाबा रे, तुला काय व्हायचं आहे? ताईंनी प्रामाणिकपणे विचारलं. ठोकळा काही बोलला नाही. शेजारी बसलेल्या बँकेतल्या साहेबांना मात्र ठोकळ्याने बरंच काही सांगितलं असावं, कारण ते रडायला लागले. दुपारी सगळ्यांना जाड कापडाचे एप्रन मिळाले आणि करवत हातात धरून फोटो झाले. करवतीच्या दातांवर प्लास्टिकचं म्यान होतं. ते काढा म्हटल्यावर दाढीवाला म्हणाला, विम्याच्या अटीत बसत नाही. संध्याकाळी प्रत्येकाला एक तयार चमचा आणि पॉलिशपेपरचा तुकडा मिळाला. चमचा घासायचा आणि तो आपणच केला असं घरी सांगायचं.

यजमानांना ते केंद्र फार आवडलं. विशेषतः म्यान.

त्यानंतर ताईंनी सरकारी तंत्रशाळेत संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. विषय 'जड लाकूडकाम, प्रात्यक्षिकासह'. तिथले सर म्हणजे खडूचे जादूगार. ते फळ्यावर सांधे असे काढायचे की बोट लावलं तर कुसळ घुसेल असं वाटावं. तुळई पिवळ्या खडूने, खांब तांबड्या, खुंटी निळ्या. तिथेच ताईंना कळलं की तुळईच्या टोकाच्या त्या दाताला सुतार लोक कुसू म्हणतात. ताईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढेही दातच म्हणत राहिल्या. प्रात्यक्षिक मात्र येत नव्हतं. कार्यशाळेला कुलूप होतं. किल्ली भांडारपालाकडे होती. भांडारपालाची बदली झाली होती आणि सवयीने किल्लीही त्याच्याबरोबर गेली होती. शेवटी अर्जविनंत्या होऊन दार उघडलं, तर आत हत्यारं झकास मांडलेली. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, एकालाही धार नाही. ती तपासणीसाठी होती. वापरली तर झिजतील, झिजली तर शेरा बसेल, आणि शेरा बसला तर पुढची हत्यारं मिळणार नाहीत, अशी ती सगळी व्यवस्था होती.

ताईंनी सरांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही स्वतः कधी असा सांधा केलाय का? सर वाईट माणूस नव्हते. खडूने माखलेले हात पँटला पुसत म्हणाले, "नाही हो. मला कुठे कुणी करू दिलं?" ताईंना त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. लेखी परीक्षेत ताई पहिल्या आल्या आणि त्यांनी ती तंत्रशाळा सोडली.

मधल्या काळात फोनवर बघून शिकायचाही प्रयत्न झाला. त्यात एक गोड आवाजाचा माणूस जंगलात उभा राहून मित्रांनो, मित्रांनो करायचा. त्याने करवत लाकडावर ठेवली की पुढच्याच क्षणी ते कापून झालेलं दिसायचं. मधला भाग, म्हणजे ज्याला शिकणं म्हणतात तो, कात्री लावून काढलेला. वन्सं ते व्हिडिओ ताईंपेक्षा आवडीने बघायच्या. त्यांना त्या माणसाचं घर आवडायचं.

मग ताई वखारीत गेल्या. निदान एक जाड तुकडा घेऊन घरीच ठोकत बसावं असा त्यांचा विचार होता. वखारवाल्याने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एक बाई आहेत. माझ्याकडून तुळया नेतात. मग शिकायची हौस असलेली माणसं गोळा करतात, त्यांच्याकडून फी घेतात, आणि त्यांच्याकडूनच तुळया कापून घेतात. तयार झालेला सांगाडा तिसऱ्यालाच विकतात." थोडं थांबून तो आदराने म्हणाला, "फार हुशार बाई."

ही बाई म्हणजे मास्तरीण. पूर्वी सरकारी खात्यात पुलांचे नकाशे करायची. वर्षानुवर्षं नकाशे केले, मंजूर झाले, आणि एकही पूल झाला नाही. एके दिवशी तिने टेबल आवरलं आणि गावाबाहेरचं एक बंद पडलेलं बसचं गॅरेज भाड्याने घेतलं. उंच, हाडकुळी, आवाज असा की गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं तिच्या तासाला बाहेर जाऊन बसायची. तिने ताईंना ना प्रस्तावना सांगितली ना ध्यान करायला लावलं. एक करवत, एक पटाशी आणि माणसाच्या मांडीएवढी जाड तुळई पुढे ठेवली. "रेघेच्या या बाजूने कापा," ती म्हणाली. "त्या बाजूने कापलंत तर तुळई आखूड होते. आखूड झालेली तुळई वाढत नाही." आणि ती निघून गेली.

ताईंचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांत त्यांना कुणीतरी काहीतरी कापायला सांगितलं होतं.

त्या शनिवार-रविवारच्या वर्गाला आणखी चौघं होती. एक बेकरीवाला होता, ज्याचे दंड कणीक मळून मळून खांबासारखे झाले होते. एक वकील होते. ते प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करत आणि कापत काहीच नसत. आणि एक नवपरिणीत जोडपं होतं, सुट्टी वेगळ्या पद्धतीने घालवायची म्हणून आलेलं. दोघं एकाच तुळईच्या दोन टोकांना काम करत होती आणि मोजमाप आपापल्या टोकाकडून घेत होती. दुपारपर्यंत दोघांचं बोलणं बंद झालं. सगळ्यांनी मिळून एका रोपवाटिकेसाठी सांगाडा करायचा होता. चार खांब, त्यांवर तुळया, वर छपराचे वासे. त्या आठवड्यात कापायचं, पुढच्या आठवड्यात उभा करायचा.

ताईंच्या वाट्याला एका तुळईचा दात आला. त्यांचा हात तीस वर्षं मेणात आणि साच्यात घडलेला. त्यांच्या धंद्यात कागदाइतकी चूक झाली तरी गिऱ्हाईक जेवू शकत नाही. दात खाचेपेक्षा जरा सैल ठेवा, असं मास्तरणीने सकाळी सांगितलं होतं. ताईंनी ते ऐकलं, आणि हे बाकीच्यांसाठी आहे असं मनाशी ठरवून टाकलं. त्यांनी पटाशीला धार लावली, आणि खाच जेवढी तेवढाच, केसभर कमी नाही की जास्त नाही, असा दात कोरला. कडा आरशासारख्या. बेकरीवाला येऊन बघून गेला. वकिलांनी फोटो काढला. नवरीने नवऱ्याला, दिवसभरातलं पहिलं वाक्य, "बघ, असं असतं," म्हणून ऐकवलं. ताईंनी नम्रपणे खाली बघितलं. खाली बघताना त्या इतक्या खूश होत्या की त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मग दात खाचेत घालून बघायची वेळ आली. निम्मा गेला आणि थांबला. बेकरीवाल्याने मोगरीचे दोन घाव घातले. आणखी बोटभर गेला आणि पक्का बसला. आता आत जाईना आणि बाहेर येईना. दोऱ्या बांधल्या, सगळ्यांनी मिळून ओढलं. अबोला धरलेलं जोडपंसुद्धा एका दोरीला लागलं. वकील बाजूला उभे राहून सुचवत होते. खांब आणि तुळई एकमेकांना अशी चिकटली होती की दोन्ही मिळून गॅरेजभर फिरली, पण सुटली नाहीत.

मास्तरीण आली. तिने वाकून सांध्याकडे बघितलं, मग ताईंकडे.

"सैल ठेवा म्हटलं होतं ना मी?"

"मला वाटलं, जितकं नेमकं तितकं चांगलं."

"एवढं नेमकं कुणालाच नको असतं, बाई. लाकडालासुद्धा नाही."

आणि तिने ताईंच्या हातात करवत दिली. दुसरा उपाय नव्हता. जो दात ताईंनी दीड दिवस खपून कोरला होता, ज्याचा फोटो वकिलांच्या फोनमध्ये होता, तो त्यांनीच मुळाशी कापला. खाचेत अडकलेला बुंधा पटाशीने कोरून कोरून काढला. तुळई बोडकी झाली. नवी आणायला आता वेळ नव्हता. पुढच्या आठवड्यात बघू, एवढंच मास्तरीण म्हणाली आणि गॅरेजचं शटर ओढायला लागली.

ताई घरी आल्या. तळव्यांना फोड आले होते. यजमानांनी काय झालं विचारल्यावर "अडकलं" एवढा एक शब्द त्यांना मिळाला. वन्सं काहीतरी बोलणार होत्या, पण ताईंचे हात बघून त्याही गप्प बसल्या. असं त्या घरात फार क्वचित घडे.

यजमान मनाचे प्रेमळ होते. फक्त त्यांना प्रेमाचा एकच प्रकार येत होता, तो म्हणजे नुकसान झालं की भरपाई. बायकोचं नुकसान झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी खोलीचं दार लावून पत्र्याच्या शेड बसवून देणाऱ्या माणसाला फोन केला. ताई पुढच्या रविवारी गॅरेजवर गेल्या की काम सुरू करायचं, त्या परत यायच्या आत संपवायचं. वन्संना विश्वासात घेतलं गेलं. रंग त्यांनी निवडला. हिरवा.

इकडे ताई आठवडाभर कार्यशाळेत बसून कवळ्या घासत होत्या. बुधवारी डॉक्टरांकडून एक जबड्याचा साचा आला. पुढचा एक दात गेलेला, बाकी सगळे शाबूत. ताईंनी तो हातात घेतला आणि बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. मग मेणाने माखलेल्या बोटांनीच त्यांनी मास्तरणीला फोन लावला. एक दात पडला म्हणून कुणी जबडा टाकून देतं का? तुळईच्या टोकालाही खाच पाडली, खांबात आहेच, आणि मध्ये कठीण लाकडाचा सुटा दात बसवला तर?

 मग मास्तरीण म्हणाली, करतात तसं, मी शनिवारी सांगणारच होते. सांगणार होती की नाही, हे तिलाच माहीत. पण जुन्या कामांत तसे दात सापडतात, कुठल्या जातीचं लाकूड लागेल आणि त्याचे उभे धागे कुठल्या दिशेने हवेत, हे तिने तिथल्या तिथे घडाघडा सांगितलं. आवाज नेहमीपेक्षा जरा खालच्या पट्टीत होता.

शनिवारी ताईंनी आयुष्यातला सगळ्यात मोठा खोटा दात केला. या वेळी त्यांनी तो सैल ठेवला. हात राजी नव्हता, पण ठेवला. खुंटीची छिद्रं मात्र मास्तरीण मुद्दाम जराशी चुकवायला सांगत होती. समोरासमोर नेमकी पाडायची नाहीत, म्हणजे खुंटी आत जाताना वाकते आणि सांधा आवळून धरते. आपण होऊन वाकडं काम करायचं, हे ताईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं. पण खुंटी ठोकल्यावर तुळई केसाकेसाने खांबाकडे सरकत गेली, आणि शेवटी 'खट्' असा एक दबका आवाज आला. तो आवाज ताईंनी मग वासे चढवेपर्यंत मनातल्या मनात पुन्हा पुन्हा ऐकला.

रविवारी सांगाडा उभा राहिला. दोऱ्या, बांबू, मास्तरणीचा आवाज आणि बेकरीवाल्याचे दंड यांच्या जोरावर चारही खांब वर आले. जोडप्याचा समेट झाला होता. आता ती दोघं वकिलांवर नाराज होती. वरच्या शेवटच्या खुंट्या ताईंनी शिडीवर चढून ठोकल्या. रोपवाटिकेचा मालक आला, सगळीकडून फिरला आणि म्हणाला, बरंय, पण बाकीचं कधी येणार? मास्तरणीने त्याला सांगितलं की बाकीचं काही नाही, हे एवढंच असतं. तो हिरमुसला. ताई वर शिडीवरून त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांना तो जगातला सर्वांत दुर्दैवी माणूस वाटत होता. त्याला हे मिळालं होतं आणि दिसत नव्हतं.

केसांत भुसा, नखांत भुसा अशा त्या घरी आल्या. यजमान दारातच उभे होते, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी ताईंचे डोळे स्वतःच्या हातांनी झाकले आणि त्यांना मागच्या अंगणात नेलं. हात काढले.

हिरवी शेड. चकचकीत. दाराला लाल फीत बांधलेली. वन्सं बशीत कात्री घेऊन उभ्या.

 ताईंनी पत्र्यावर टिचकी मारली. पत्रा डब्यासारखा वाजला.

"तुला त्रास नको म्हणून केलं," यजमान म्हणाले. त्यांचा चेहरा अजून आनंदी होता. तो उतरवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"मला त्रासच हवा होता," ताई म्हणाल्या. "शेड नको होती."

यजमानांनी नोकरीत नाना तऱ्हेचे दावे पाहिले होते. भरपाई मिळाली म्हणून नुकसान झालं, असा दावा त्यांच्याकडे पहिल्यांदाच येत होता. ते एकदा बायकोकडे, एकदा बहिणीकडे आणि एकदा फितीकडे बघत राहिले. काढून टाकू का, असं त्यांनी विचारलं. राहू दे, असं म्हणून ताई आत गेल्या. फीत शेवटी वन्संनीच कापली. आणलेली कात्री वाया कशाला घालवायची.

मग अबोला सुरू झाला. ताई भांडल्या असत्या तर यजमानांना बरं वाटलं असतं. पण ताई सभ्यपणे वागत होत्या. मीठ द्या, वर्तमानपत्र झालं का, दार लावून घ्या. वन्संनी शेडचा काहीतरी उपयोग दाखवावा म्हणून आपली खुर्ची तिथे नेली आणि दुपारच्या उन्हात पत्रा तापल्यावर बटाट्यासारख्या उकडून बाहेर आल्या. "कपडे मात्र झटपट वाळतात," त्यांनी भावाची बाजू लावून धरली. ताई रोज संध्याकाळी गॅरेजवर जात. अंगण शेडने खाल्लं होतं, तरी मागच्या दारापुढे थोडी जागा उरली होती. तेवढ्यात बसेल असा छोटा मांडव त्यांनी आखला आणि मास्तरणीच्या नजरेखाली एकटीने कापायला घेतला. मास्तरणीने तिच्या स्वभावाप्रमाणे जागेचं भाडं घेतलं, आणि तिच्या स्वभावाच्या विरुद्ध, ताईंनी न विचारता त्यांच्या पटाश्यांना धार लावून ठेवली.

कापलेली लाकडं घरी आली तेव्हा टेम्पो गल्लीत शिरेना. ड्रायव्हरने ती तोंडाशीच उतरवली आणि तो पुढच्या फेरीला निघून गेला. खांब ताईंनी कसेबसे ओढत नेले. राहिली ती लांब तुळई. ताईंनी तिचं एक टोक उचललं, आणि दुसरं जमिनीवरच राहिलं, जसं ते राहणारच. गल्ली आपापल्या खिडक्यांतून बघत होती. सल्ले भरपूर आले. माणूस एकही आला नाही.

मग घराचं दार उघडलं आणि यजमान घरातल्याच पायजम्यावर, एक चप्पल स्वतःची आणि एक बहिणीची अशा थाटात बाहेर आले. त्यांनी काही विचारलं नाही. मागचं टोक उचलून खांद्यावर घेतलं. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो आवरायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

शिंप्याच्या दुकानापाशी गल्ली वळत होती. तुळई वळत नव्हती. पुढे घेतली तर समोरच्या भिंतीला लागे, मागे घेतली तर यजमान गटारात. बरीच मागेपुढे झाल्यावर एकच मार्ग उरला. शिंप्याच्या दुकानाला वळणाच्या दोन्ही अंगांना दारं होती. ताईंनी एका दाराने टोक आत घातलं. आत शिंपी एका लठ्ठ गृहस्थाच्या पोटाचं माप घेत होता. तो गृहस्थ हात वर करून उभा होता, तो तसाच उभा राहिला आणि त्याच्या बगलेखालून तुळई दुकानात शिरली.

निम्म्यात यजमानांचा श्वास संपला. "टेकवू का जरा?" त्यांनी विचारलं. कित्येक दिवसांत त्यांनी ताईंना विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

"टेकवा, पण हळू," ताई म्हणाल्या. "दात तुमच्या बाजूला आहे. तो दुखावला तर मी दुखावेन."

त्यांनी तुळई शिंप्याच्या कपडे बेतायच्या टेबलावर टेकवली, अशी हळू, की जणू खाली कुणी झोपलंय. मग ते वाकून त्या दाताकडे बघायला लागले. खिशातला चष्मा काढला, लावला, कडेवरून अंगठा फिरवला. तपासायची सवय. ताई तुळईच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या, परीक्षेच्या निकालाकडे बघितलं नव्हतं तेवढ्या उत्सुकतेने.

"हे तू केलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"इथे जरासं सैल आहे."

"ते तसंच ठेवायचं असतं."

यजमानांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, पण आपल्याला माहीत नसलेली एक गोष्ट बायकोला माहीत आहे, हे कळल्यासारखी. मग म्हणाले, "मला कळलं नाही गं. मला वाटलं, तुला छप्परच हवंय." आणि चष्मा पुसायला लागले, जो पुसायची काही गरज नव्हती.

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून विचारलं, की हे नेमकं काय चाललंय आणि त्याचं टेबल कधी मोकळं होणार. लठ्ठ गृहस्थ म्हणाला, माझे हात दुखतायत. कुणीतरी त्याला सांगितलं की हात आता खाली घेतले तरी चालतील.

"उचला," ताई म्हणाल्या.

"आता पुढे कोण?"

"मी पुढे. तुम्ही फक्त मी सांगेन तेव्हा डावीकडे."

"तुझी डावी की माझी?"

ताईंना हसू आलं. ते त्यांनी दाबलं नाही. त्या हसतायत हे पाहून यजमानांनी घाईघाईने तुळई उचलली, नेमकी चुकीच्या बाजूला वळवली, आणि शिंप्याचा दोऱ्याच्या रिळांचा आख्खा खण रंगारंगाने जमिनीवर घरंगळत गेला.